मधली रेघ, पहिली रांग

‘मधली रेघ, पहिली रांग.’ खेळ बघायला कुठं बसावं, या प्रश्नाला आपल्याकडं हे एकच उत्तर आहे आणि ते विचारायच्या आधीच मिळतं. मैदानाच्या लांबीच्या बरोबर मध्याशी, रेघेला जितकं चिकटून बसता येईल तितकं बसावं. गावोगावच्या स्पर्धांत पाहुण्यांचे सोफे तिथंच मांडतात, शामियानाही तिथंच पडतो. ज्याला तिथं जागा मिळत नाही तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून कसाबसा खेळ बघतो, असा सगळ्यांचा समज. त्या कोपऱ्यातल्या बिचाऱ्यांपैकी मी एक. फक्त मी तिथं आपणहून जातो.

दरवर्षी थंडीत, गुरु गोबिंदसिंगजींच्या प्रकाशपर्वाच्या सुमारास, नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गोल्ड अँड सिल्व्हर कपची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. मराठवाड्याचा आणि हॉकीचा काय संबंध, असं विचारणाऱ्यानं त्या दिवसांत नांदेडला एक चक्कर टाकावी. १७०८ साली गुरूंनी जिथं देह ठेवला त्या गोदाकाठच्या गावात पंजाबातले संघ येतात, गल्लीतली पोरं त्यांच्या राइट विंगला नावानं हाका मारतात आणि म्हातारे सरदारजी काठीवर हनुवटी टेकवून दोन-दोन तास बोलत नाहीत. माहुराहून एसटी धरून मी जातो. गणित शिकवण्यात नोकरी गेली, आता वेळ आहे.

यंदा निघताना शेजारच्या पोरानं अडवलं. पोरगा कसला, चाळिशीचा बाप्या, पण माझा विद्यार्थी. रेणुकादेवीच्या प्रसादाचा तांबूल कुटतो. आमच्या गल्लीला खलबत्त्याच्या आवाजानं जाग येते. बत्ता थांबवून म्हणाला, “सर, एवढं नांदेडला जाऊन तुम्ही गोलामागं बसता म्हणे? पुढं बसा की, सोफ्याजवळ. तिथून सगळं साफ दिसतंय.” त्याच आठवड्यात भाचीचा टोरंटोहून फोन. तिच्या नवऱ्याला बर्फावरच्या हॉकीचा सामना बघायचाय आणि तिकीट काढायचंय ते काचेला अगदी लागून, मध्यरेषेशी. “मामा, तुम्ही काय म्हणता?” माहूरचा तांबूलवाला आणि टोरंटोचा संगणकवाला यांचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत झालं की मला ती गोष्ट तपासून बघावीशी वाटते.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, असा आपला जुना रिवाज. तो असा. जवळून स्पष्ट दिसतं, म्हणून पहिली रांग. मध्यावरून दोन्ही बाजू सारख्या दिसतात, म्हणून मधली रेघ. टीव्हीवाले स्वतः मध्यावरूनच दाखवतात, आणि त्यांच्याहून शहाणं कोण. शिवाय सगळ्यात महाग तिकीट तिथलंच असतं. लोक उगाच पैसे टाकतात काय? चारही मुद्दे साधार वाटतात. शेवटचा आत्ताच निकालात काढतो. हळदीपासून सोयाबीनपर्यंत भाव कशावर ठरतो हे ज्यानं नांदेडच्या मोंढ्यात पाहिलंय, तो किंमत हा गुणाचा पुरावा मानणार नाही. भाव मागणीवर ठरतो, आणि मागणी ‘मधली रेघ, पहिली रांग’ या समजुतीवर. समजुतीनं समजुतीला दिलेली साक्ष कोर्टात चालत नाही.

उरलेल्यांत मूळ मुद्दा जवळिकीचा. तो आपल्यात इतका खोल का रुजला, याचं उत्तर मला वाटतं देवळात आहे. माहूरला रेणुकेचा नुसता मुखवटा आहे, सुमारे पाच फूट उंचीचा, शेंदरानं माखलेला. एवढं मोठं तोंड लांबूनही दिसतं. तरी नवरात्रात तासन्‌तास रांगेत उभं राहून, पायऱ्या चढून वर आलेला माणूस शेवटच्या चार हातांसाठी जिवाचं रान करतो, आणि ते बरोबरच आहे. दर्शनात आपण देवीला बघायचं असतं तसं देवीनं आपल्याला बघायचं असतं. तिथं जवळ जाणं हेच फळ. हीच सवय घेऊन आपण मैदानावर जातो. सोफ्यावरच्या पाहुण्यांना मी यात दोष देत नाही; त्यांचं येणं खेळ बघण्याइतकंच दिसण्यासाठीही असतं, आणि त्यासाठी मधल्या रेघेसारखी जागा नाही. पण हॉकीचा चेंडू काही आपल्याकडं बघत नसतो.

सांख्य तत्त्वज्ञांचा या बाबतीतला विचार मला फार उपयोगी वाटतो. ईश्वरकृष्णानं सांख्यकारिकेच्या सातव्या कारिकेत प्रश्न घेतलाय की वस्तू असूनही ती दिसत का नाही. त्यानं आठ कारणं दिली. त्यातलं पहिलं अति दूर असणं, आणि लगेच दुसरं अति जवळ असणं. भाष्यकार दाखला देतात डोळ्यातल्या काजळाचा. काजळ डोळ्याला लागून असतं म्हणूनच डोळ्याला दिसत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं दूर आणि जवळ हे दोन्ही दोष एकाच दमात सांगितले, आणि आपण त्यातला अर्धाच पाठ केला.

काजळाचा दाखला मैदानावर कसा लागतो ते आकड्यांत बघू. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंच असतो. त्याच्यापासून ३० मीटरवर एक बचावपटू उभा आहे आणि त्याच्या मागं ५ मीटरवर दुसरा. हॉकीत ५ मीटर म्हणजे मुबलक मोकळी जागा. तिथं थ्रू पास घुसला की पुढचा खेळाडू ‘डी’त, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, मोकळा. पण पहिल्या रांगेतल्या डोळ्याला ते ५ मीटर किती दिसतात? त्या अंतरावर उभ्या धरलेल्या पट्टीवर मोजले तर सुमारे १७ सेंटीमीटर. वीतभरही नाहीत. दोन खेळाडू एकमेकांना चिकटून उभे असल्यासारखे दिसतात, आणि मग पास त्यांच्यामधून गेला की पाहुणे म्हणतात, “अरे, कुठून गेला?” आता तेवढ्याच अंतरावर पण ६ मीटर उंचीवर, म्हणजे साध्या दुमजली घराच्या गच्चीवर, डोळा नेऊन ठेवा. तीच जागा जवळजवळ पाचपट उघडी होते. उंच जागा बहुधा मागं असते, म्हणून आणखी १० मीटर मागं सरका; तरी जवळजवळ तिप्पट. जवळिकीनं खेळाडूचा चेहरा मोठा होतो, पण जमीन मिटते. आणि हॉकी जमिनीवर खेळतात.

चेहरा मोठा होणं हे काही थोडं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. इथं प्रतिपक्ष भरतमुनीला साक्षीला आणील, आणि आणावंच. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाचे आकार सांगताना माणसांसाठी मध्यम आकाराचं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, गृह चांगलं ठरवलंय. कारणही दिलंय: त्याहून मोठं केलं तर नटाच्या चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात आणि आवाज विरतो. अर्धी लांबी रंगभूमीची, अर्धी प्रेक्षकांची. दीड फुटाचा हात धरला तर शेवटचा प्रेक्षक रंगभूमीपासून ४८ फुटांच्या आत बसतो. हॉकीचं मैदान ३०० फूट लांब. भरतानं जवळिकीचा जो नियम केला तो चेहऱ्यासाठी केला, आणि नाटक चेहऱ्यात असतं. शिवाय त्याच अध्यायात त्यानं प्रेक्षकांची आसनं पायऱ्यांसारखी एकीहून एक चढती बांधायला सांगितलीत. म्हणजे ४८ फुटांतही उंचीवाचून भागत नाही हे त्याला ठाऊक होतं. आपल्या आयोजकांना ३०० फुटांत ठाऊक नाही.

हाच भेद आपल्या माळेगावच्या जत्रेत डोळ्यांनी दिसतो. मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, तिथं तमाशाचे फडही असतात आणि कुस्त्यांची दंगलही. तमाशाला पुढं बसावं. भुवई कुठं उडाली ते मागून कळत नाही. कुस्तीलाही जवळ बसावं, कारण सगळा खेळ पंधरा-वीस फुटांत आहे आणि पकड कुठं बसली, बोटं कुठं रुतली, यावर निकाल लागतो. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले आणि १९७७ साली बेळगावात त्यांनी पैलवान सतपालला हरवलं. अशा मल्लाचा डाव हाताच्या अंतरावरून बघायला मिळाला तर मी माझं सगळं गणित गुंडाळून पुढं सरकेन. तरीसुद्धा शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधताना (१९१२ साली ते पुरं झालं) काय केलं? रोममधलं प्राचीन रिंगण ते पाहून आले होते. त्यांनी आखाडा मध्ये उंचावर घेतला आणि बैठक सभोवती चढत नेली. आखाडा गोल, त्याला मधली रेघच नाही. त्यामुळं खासबागेत ‘मोक्याची जागा’ हा वाद निघत नाही. वाद निघतो लांबट मैदानांत.

मधल्या रेघेचा मुद्दा तिथं येतो. हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. मध्यरेषेशी, बाजूच्या रेघेपासून ५ मीटर मागं बसलात तर दोन्ही गोल तुमच्यापासून ५६-५६ मीटरवर. गोलाच्या मागं १० मीटरवर बसलात तर एक गोल १० मीटरवर, दुसरा १०१ मीटरवर. सरासरी काढा, ५६ला थोडी कमीच. म्हणजे अंतराच्या हिशेबात मध्यावर बसून एका मीटरचाही फायदा नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात हे खरं, पण सारख्याच अर्धवट. एका लेकराला पोटभर आणि दुसऱ्याला उपाशी ठेवणं वाईट, म्हणून दोघांनाही अर्धपोटी ठेवणं हा न्याय घरात चालेल; डोळ्यांना तो मानवत नाही. हॉकीचा सामना ९१ मीटरभर सारखा पसरलेला नसतोच. गोल करायचा तर चेंडू ‘डी’च्या आतून, म्हणजे गोलापासून साडेचौदा मीटरच्या आतूनच मारावा लागतो. महत्त्वाचं जे काही घडतं ते दोन टोकांना. मधल्या पट्ट्यात त्याची तयारी.

मग मध्याची एवढी महती आली कुठून? माझा तर्क असा की ती ऑफसाइडच्या, म्हणजे हल्लेखोरानं बचावाच्या रेघेपुढं जाऊन पासची वाट बघायची नाही या नियमाच्या, काळातली उरलेली सवय आहे. जोवर ऑफसाइड होता तोवर पुढच्या खेळाडूची आणि बचावाची रेघ बाजूनं बघण्याला मोठं मोल होतं, आणि बाजूला बसलेला प्रेक्षक स्वतःच पंच होऊन ओरडत असे. हॉकीत १९९६पासून ऑफसाइड प्रयोग म्हणून उठवला आणि १९९८मध्ये तो कायमचा गेला. खेळाचा आकार त्यानं बदलला. पुढचा खेळाडू आता सरळ गोलरक्षकाजवळ जाऊन उभा राहतो आणि लांबलचक पास लांबीच्या दिशेनं सुटतात. नियम जाऊन पाव शतक उलटलं, सोफे मात्र हलले नाहीत.

आणि ऑफसाइड असतानाही बाजूचा प्रेक्षक जे ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं’ म्हणायचा त्याची खात्री काय होती? २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात डच संशोधकांनी फुटबॉलच्या रेषापंचांच्या चुका तपासल्या. चुका त्यांच्या डोळ्यांच्या नव्हत्या, प्रामाणिकपणाच्याही नव्हत्या. ते ज्या जागी उभे होते त्या जागेच्या होत्या. बचावाच्या शेवटच्या खेळाडूच्या अगदी समरेषेत उभं नसलं की दूरचा खेळाडू पुढं आणि जवळचा मागं असा भास होतो, आणि बाजू बदलली की भास उलटा होतो. हे वाचल्यापासून चहाच्या टपरीवर “मी बघितलंय ना!” असं कुणी ठासून सांगितलं की मी त्याला आधी विचारतो, “कुठून?”

टीव्हीचा मुद्दा त्याहून हलका आहे. कॅमेरा मध्यावर असतो हे कबूल. पण तो पहिल्या रांगेत कधीच नसतो. चांगला उंचावर असतो. म्हणजे टीव्हीची साक्ष अर्धी माझ्या बाजूची. उरलेली अर्धी पडद्याच्या आकारामुळं: आडवा पडदा, आडवं मैदान, चेंडू डावीकडून उजवीकडं. तुमच्या-माझ्या डोळ्यांना असली चौकट नाही. आणि पेनल्टी कॉर्नर आला की तेच टीव्हीवाले गोलामागच्या कॅमेऱ्याकडं वळतात. संघांचे विश्लेषकही गोलामागं उंच मनोऱ्यावर आपला कॅमेरा लावतात, कारण प्रशिक्षकाला चेंडूचं कौतुक नसतं. त्याला दोन खेळाडूंमधली भगदाडं मोजायची असतात.

आता माझा पक्ष. बसावं गोलाच्या मागं, कोपऱ्याकडं थोडं सरकून आणि मिळेल तेवढ्या उंचीवर. पायऱ्या असतील तर शेवटची पायरी. नसतील तर आपल्याकडं ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याच्या टाकीचा कट्टा, शाळेच्या वऱ्हांड्याचा कठडा यांची वाण नाही. फक्त शेजारी कोण चढलंय ते बघून चढावं. तिथून हल्ला तुमच्या अंगावर येतो. बचावाची चौकडी तुम्हाला पाठमोरी दिसते, म्हणजे जवळजवळ गोलरक्षकाला दिसते तशी. डाव्या कोपऱ्यातून उजवीकडं चेंडू फिरला की अख्खी बचावफळी दाव्याला ओढलेल्या जनावरासारखी एका बाजूला सरकते, आणि दुसऱ्या बाजूला उघडी पडलेली जागा तुम्हाला पास सुटायच्या आधी दिसते. हे आधी दिसणं हाच हॉकी बघण्यातला आनंद. मध्यावरून तुम्हाला पास दिसतो. इथून तो येणार असल्याचं दिसतं. खडकीच्या धनराज पिल्लेंचा वेग बाजूनं पाहिला की माणूस ‘काय पळतो!’ म्हणायचा. समोरून पाहिल्यावर कळायचं की ते नुसतं पळणं नव्हतं. खांद्याच्या एका हेलकाव्यानं दोघांना भलत्याच बाजूला पाठवणं होतं.

पेनल्टी कॉर्नरचं सांगतो. गोलरक्षक धरून पाच जण पाठच्या रेघेमागं उभे, बाकीचे बचावपटू मध्यरेषेपलीकडं. खांबापासून किमान १० मीटरवरून एक जण चेंडू आत ढकलतो, ‘डी’च्या टोकाला एक जण अडवतो, तिसरा ओढून फ्लिक मारतो. दीड-दोन सेकंदांचा मामला. सोफ्यावरून दिसतो पाठींचा आणि काठ्यांचा एक गुंता, मग गोलातल्या फळीचा आवाज. सांख्यांनी न दिसण्याचं आठवं कारण सांगितलं ते हेच: मुगाच्या राशीत टाकलेला मूग. सारख्यात सारखं मिसळलं की डोळा हरतो. गोलामागच्या उंचीवरून ती रास पसरलेली दिसते. पहिला धावणारा कुठल्या रेषेत सुटला, त्यानं फ्लिकरचा कुठला कोन बंद केला, गोलरक्षक कुठल्या पायावर झुकला, आणि म्हणून चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात का गेला, हे सगळं क्रमानं वाचता येतं.

आक्षेप आहेत, आणि दोन मला मान्य आहेत. पहिला, चेंडूची उंची मागून कळत नाही. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका सरळ ‘हिट’ असेल तर तो ४६० मिलिमीटरच्या फळीहून उंच जाऊन चालत नाही. तो गेला की नाही हे बाजूचा माणूस जास्त खात्रीनं सांगेल. तिथं मी गप्प बसतो. दुसरा आक्षेप दूरच्या गोलाचा. १०१ मीटरवरचा गोल मला धड दिसत नाही, जल्लोषावरून कळतो. पण याला आपल्या मैदानांवर एक तोड आहे, जी टोरंटोला नाही: आपल्या जागेवर नंबर नसतो. मध्यंतराला संघ बाजू बदलतात तेव्हा मीही बदलतो. ज्याचा हल्ला बघायचा त्या संघाच्या बरोबर उठून, भुईमुगाच्या शेंगा खात, दुसऱ्या गोलामागं जाऊन बसतो. सोफ्यावरच्या माणसाला हे जमत नाही. त्याचा सत्कार व्हायचा असतो.

जाळीचा आक्षेपही लोक घेतात. जाळी पहिली पाच मिनिटं दिसते, मग डोळा तिच्यापलीकडं बघायला शिकतो. आणि ती हवीच. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा टणक. जिथं जाळी नाही तिथं गोलामागं खाली, जमिनीवर बसू नये; माझा पक्ष उंचीचा आहे, शौर्याचा नाही.

उन्हाचं मात्र कुणीच बोलत नाही. सूर्याच्या तेजात तारे बुडतात, हा सांख्यांचा आणखी एक दाखला. दुपारच्या सामन्यात चेंडू तसाच बुडतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो आणि दुपारनंतर नैर्ऋत्येला उतरतो. मैदान दक्षिणोत्तर असेल तर नैर्ऋत्य कोपरा धरावा. ऊन पाठीवर, थंडीत तेही बरं वाटतं. पूर्वेच्या बाजूचे पाहुणे त्या वेळी कपाळावर हात धरून बसलेले असतात. लांबून वाटतं, सलामच करतायत.

भाचीला मी काय सांगितलं? बर्फावरचा सामना मी कधी पाहिलेला नाही हे आधीच सांगितलं, पण मापं तर कुठंही मापंच. तिथलं रिंगण सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. क्षेत्रफळ बघितलं तर आपलं हॉकीचं मैदान तशा तिनांएवढं. म्हणजे दूरची जागाही तिथं फार दूर नसते, आणि उंच जायला आणखी मोकळीक. त्यांची रबरी चकतीही १५६ ते १७० ग्रॅमची, जवळजवळ आपल्या चेंडूच्याच वजनाची. पण आपला चेंडू गोल, कुठूनही बघा, तेवढाच. चकती ३ इंच रुंद आणि १ इंच जाड. काचेला नाक लावून पलीकडच्या टोकाला बघितलं तर तिची इंचभर काळी कड दिसणार. वरून बघितलं तर अख्खी चकती पांढऱ्या बर्फावर उठून दिसणार. ती दिसत नाही म्हणून अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीनं १९९६ साली चकतीत यंत्र बसवून पडद्यावर तिच्याभोवती निळसर उजेड पाडला होता. जाणकारांना तो फार खटकला; १९९८नंतर तो बंद पडला. काचेशी चकती तर सोड, अलीकडच्या कठड्याला खेळाडू भिडले की त्यांच्या पाठींपलीकडं काही दिसणार नाही. जावईबापूंना खेळाडू काचेवर आदळताना बघायचे असतील तर गोष्ट वेगळी. मग तिथंच बसावं, पण ते हॉकी बघायला बसले असं म्हणू नये.

आणखी एक बारकावा तिच्या कामाचा निघाला. तिकडं सामन्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागानंतर बाजू बदलते. दोन्ही संघांचे बाक एकाच बाजूला असले की यजमान संघ सुरुवात करतो ती आपल्या बाकाजवळचा गोल राखून. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या भागात यजमानांचा हल्ला बाकापासून लांबच्या गोलावर. तीनातले दोन भाग! त्या लांबच्या गोलामागं, कोपऱ्याकडं, वरच्या रांगांत तिकीट काढ, असं मी तिला सांगितलं. ऑफसाइड त्यांच्याकडं अजून आहे, निळ्या रेघेवरून तो मोजतात, तेव्हा कोपऱ्याकडं सरकताना निळ्या रेघेच्या समोर आलीस तरी माझी हरकत नाही. जाळीला घाबरू नकोस, असंही सांगितलं. २००२ साली तिकडं उडालेली चकती लागून एक शाळकरी मुलगी दगावली, त्यानंतर गोलांमागं जाळ्या सक्तीच्या झाल्या. तिचा निरोप आला: “तिकिटं पंधरा दिवसांपूर्वीच काढलीत मामा. काचेजवळची.”

यंदा तांबूलवाल्याला मी सोबत नेलं. नांदेडला उतरल्यावर तो म्हणाला, “सर, तुम्ही तुमच्या जागी बसा, मी माझ्या,” आणि थेट मध्यरेषेशी जाऊन सोफ्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसला. मी नैर्ऋत्य कोपरा गाठला. दुसऱ्या सत्रात एकमेव गोल झाला: उजवीकडून डावीकडं दोन पास, मधला बचावपटू दोन पावलं जास्त सरकला आणि त्याच्या पाठीमागून एक पोरगा एकटा आत आला. भगदाड मला आधीच दिसलं होतं. मी उभा राहिलो तेव्हा माझ्या आजूबाजूचे अजून बसलेले होते.

परतीच्या एसटीत मी त्याला हे सगळं हातवारे करून समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. गोल कसा झाला ते आपल्याला काही दिसलं नाही, असं त्यानं मोकळेपणानं कबूल केलं. मग म्हणाला, “पण सर, गोल खाल्ल्यावर त्या कॅप्टननं आपल्या पोराला पंजाबीत काय झाडलं, ते तुम्हाला ऐकू आलं का?” मला आलं नव्हतं. माहूर येईपर्यंत त्यानं ते मला तीन वेळा म्हणून दाखवलं.